मेमो कोणाचा, मान कोणाची?
(यशवंतपूर येथील सभेतील भाषण)



यशवंतपुरात जमलो आहोत, तर इथल्याच गाडीपासून सुरुवात करू. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी यशवंतपूर-निजामुद्दीन संपर्क क्रांती होसदुर्ग रोडला होती. सांधे भलत्याच रुळाकडे लागलेले पाहून लोको पायलटने गाडी उभी केली. दुसऱ्याच दिवशी दक्षिण पश्चिम रेल्वेच्या मुख्य परिचालन अधिकाऱ्यांनी इंटरलॉकिंगला बगल देण्याच्या प्रकारांबद्दल लेखी इशारा दिला. पत्र गेले. २ जूनला बालासोर घडले आणि २९० हून अधिक माणसे गेली. तिथल्या तीन गाड्यांतली एक बंगळुरूहून निघालेली, आपण अजून यशवंतपूर-हावडा म्हणतो ती.

लोको पायलट आपल्यापेक्षा वेगळ्या मातीचा नव्हता. धोका दिसला की गाडी थांबवण्याचा हक्क त्याच्या पदालाच आहे. कोणाला फोन करून विचारावे लागत नाही. आता सिग्नल मेंटेनर पाहा. बिघाड दुरुस्त करायचा तर स्टेशन मास्तरांना डिस्कनेक्शन मेमो द्यायचा, त्यांनी तो मान्य करायचा. मास्तरांच्या कानाशी कंट्रोलचा फोन: गाडी का अडली? मग मेमो राहतो आणि "जरा बघून घे" एवढ्या तोंडी शब्दावर खोके उघडले जाते. तो शब्द कुठल्याच रजिस्टरात सापडत नाही. टपालातल्या ग्रामीण डाकसेवकांना हे नव्याने सांगायला नको. पैशाचा हिशेब द्यायची वेळ आली की ते खात्याचे, पेन्शनची वेळ आली की खात्याबाहेरचे!

बालासोरच्या चौकशीत सिग्नल विभागाच्या अनेक पातळ्यांवरच्या चुका निघाल्या. खोक्यातल्या तारांवरची चुकीची नावेसुद्धा कोणी दुरुस्त केली नव्हती. पुढे वरच्या काही अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. अटक झाली ती दोन इंजिनिअर आणि एक टेक्निशियन यांना. दोषी कोण ते कोर्ट ठरवील, पण उतरंड दिसतेच. १९५६ साली अरियालूरच्या अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी मंत्रिपद सोडले, ते आपण अजून सांगत असतो, कारण तसे पुन्हा फारसे घडले नाही.

आपल्यातही हा रोग आहे. कालचा गँगमन मुकादम झाला की त्याचा आवाज चढतो, आणि साहेबापुढे तोच खाली येतो. त्याला दोष देऊन भागणार नाही. वरून जे मिळते तेच तो खाली देतो.

म्हणून सांगणे इतकेच. मेमोशिवाय खोके उघडू नका. मेमो नाकारला तर वेळ घालून लेखी नकार घ्या. मास्तर बांधवांनो, नकार कंट्रोलच्या दबावाने असेल तर तेही लिहा. कागदाची प्रत शाखेत पोचवा. पुढचे भांडण आम्ही करू.