जंतूंच्या नोंदवहीतील चुका



शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाची जन्मतारीख चुकीची पडली, की ती दाखल्यावर उतरते आणि पुढे नोकरीपर्यंत पाठ सोडत नाही, हे आपण जाणताच. आज मी अशाच एका नोंदवहीविषयी बोलणार आहे. तेथील चूक मात्र रोग्याच्या जिवावर बेतू शकते.

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. जंतूंची ही ताकद त्यांच्या जनुकांत असते. जनुक म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. प्रयोगशाळा तो वाचते आणि संगणकातील संग्रहाशी ताडून पाहते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचा ‘कार्ड’ हा असाच एक संग्रह.

येथे एकेका अक्षराला मोल आहे. पेनिसिलिन तोडणाऱ्या ‘टेम-१’ या प्रथिनात १६४व्या जागी आर्जिनिनऐवजी सेरीन आले, की ते ‘टेम-१२’ होते आणि सेफ्टाझिडिमलाही तोडू लागते. हा बदल खरा असेल तर डॉक्टरांनी औषध बदलले पाहिजे. पण तो वाचणाऱ्याचा दोष असेल तर? उपयोगी औषध विनाकारण हातचे जाईल.

चुका अनेक वाटांनी शिरतात. तीन अक्षरांचा एक शब्द, असा जनुकाचा हिशेब असतो. मधले एक अक्षर गळले की पुढचे सारे शब्द बिघडतात. कधी तपासणीच्या रसायनातच टेमचे जनुक मिसळलेले आढळले आहे. कधी दावाच कोसळतो. ‘सीआरपीपी’ हे जनुक सिप्रोफ्लॉक्सासिन निष्प्रभ करते, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. २०२१ साली मॅकमास्टरच्या संशोधकांनी प्रयोगान्ती ते नाकारले.

मग दुरुस्ती कोणी करायची? १९८२ साली सुरू झालेल्या ‘जेनबँक’ या सार्वजनिक भांडारात मूळ नोंद बदलण्याचा अधिकार नोंद करणाऱ्याचाच असतो. तो निवृत्त झाला, तर चूक तशीच राहते आणि तिच्या नकला होत जातात. म्हणून ‘कार्ड’सारख्या संग्रहांत जाणकार माणसे नोंदी पारखून घेतात. खरी कसोटी मात्र प्रयोगाचीच: ते जनुक साध्या जंतूत घालावे आणि औषधापुढे तो तगतो का, ते पाहावे.

विद्यार्थी मित्रहो, यंत्राने छापले म्हणून ते खरे मानू नका. हे कशावरून, असे विचारा. जुनी नोंद तपासून शुद्ध करणाऱ्याचे नाव क्वचितच छापले जाते. परंतु रोग्याला योग्य औषध मिळते, त्यात त्याचाही वाटा असतो.