पेटीतले बिऱ्हाड

बंगळूरच्या शिवाजीनगर भागात रसेल मार्केट नावाची 1927 सालची एक जुनी मंडई आहे. तिच्या आसपास पाळीव पक्षी आणि शोभेचे मासे विकणारी दुकाने आहेत. 2023 च्या पावसाळ्यात मी तेथून प्लॅस्टिकच्या पिशवीत सहा मासे घालून घरी आणले. जे गाव एके काळी शहाजीराजांची जहागीर होते, त्या गावी मराठी माणसाने काही मोठा पराक्रम करावा अशी अपेक्षा असते. निवृत्तीनंतर माझ्या हातून झालेला पराक्रम म्हणाल तर एवढाच!

या माशांना दुकानदार ‘रॅम’ म्हणतात. शास्त्रीय नावात ‘रामिरेझी’ असा शब्द आहे. 1948 साली शास्त्रज्ञांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा रामिरेझ नावाच्या संग्राहकाचे नाव त्यांना दिले गेले. व्हेनेझुएला आणि कोलंबिया या देशांत ओरिनोको नदीच्या खोऱ्यातली उष्ण माळराने हे त्यांचे माहेर. लांबी जेमतेम दोन इंच. अंगावर निळे ठिपके, डोळ्यांतून उतरणारी काळी रेघ, आणि मादीच्या पोटावर गुलालाचे बोट ओढावे तसा तांबूस डाग. कूळ मात्र आपल्याला अगदीच अनोळखी नाही. उजनीच्या धरणातली चिलापी सिक्लिड कुळातलीच, आणि गोव्याकडच्या खाडीतली काळुंदरही त्याच घराण्यातली. काळुंदरीच्या शास्त्रीय नावात सुरत शहर आहे, पण तिला चव आहे ती कोकण-गोव्याच्या तिखटामिठाची, असो. या घराण्याची ख्याती अशी की त्यातली मंडळी आपल्या पोरांना वाऱ्यावर सोडून जात नाहीत. काळुंदरीची एक पिवळी-नारिंगी धाकटी बहीण केरळच्या खाड्यांतून राहते. तिची पिल्ले तर आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव चाटून वाढतात.

सहापैकी कोणाचे कोणाशी जमणार हे आपण ठरवायचे नसते. दुकानदाराने निवडून दिलेले ‘जोडपे’ पुष्कळदा जोडपे नसतेच. आमच्याकडे दोन महिन्यांनी दोघांनी एका चपट्या दगडाभोवतीची जागा धरली आणि उरलेल्या चौघांना कोपऱ्यात पिटाळले. त्या चौघांना मी दुकानात परत देऊन आलो. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद. पाणी सुमारे पन्नास लिटर. मासे आणण्यापूर्वी ती दीड महिना नुसतीच चालू ठेवली होती. शेजाऱ्यांना ते वेडेपण वाटले. पण माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया हे विषच असते, आणि त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू वाळूत आणि गाळणीत वस्तीला यायला तेवढे दिवस लागतात. नव्या हौशी माणसाचे मासे आठवड्याभरात मरतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच. पौषातल्या रात्री पारा पंधरा अंशांपर्यंत उतरतो, आणि या माशांना हवे अठ्ठावीस अंश. तेव्हा पाणी तापवणारी विजेची कांडी येथे चैन ठरत नाही.

पहिली अंडी दिवाळीच्या सुमारास झाली. दगडावर मोहरीहून बारीक असे दीडएकशे दाणे चिकटलेले, आणि दोघेही आळीपाळीने त्यांवर परांचा वारा घालीत उभे. तिसऱ्या दिवशी सकाळी दगड स्वच्छ होता. दोघांनी अंडी खाऊन टाकली होती. पुढे महिन्यातून एकदा, कधी दोनदा, हाच प्रकार. माझ्या नातीने विचारले, “आजोबा, त्यांना बाळं नको आहेत का?” मला उत्तर देता आले नाही.

उत्तर पाण्यात होते. शाळेच्या पुस्तकात आपण ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ पाणी असे शब्द पाठ केले होते, ते मला साठ वर्षांनी उपयोगी पडले. आमच्या इमारतीत कावेरीचे पाणी कूपनलिकेच्या पाण्यात मिसळून येई. त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे. अशा क्षारयुक्त पाण्यात रॅमच्या अंड्यांचे फलन नीट होत नाही. ती बुरशीने पांढरी पडतात, आणि पांढरी पडलेली अंडी खाऊन टाकणे हा आईबापांचा स्वच्छतेचा धर्मच आहे. शिवाय व्यापारी अंडी उचलून वेगळी वाढवतात. पिढ्यान्पिढ्या आईबापांशिवाय वाढलेल्या या माशांना पोरे सांभाळण्याची आठवण कितपत राहिली असेल, हाही प्रश्न होताच.

अशात 2024 चा मार्च उजाडला. त्या उन्हाळ्यात बंगळूरमध्ये पाण्याचे काय झाले ते आपण वर्तमानपत्रांतून वाचले असेल. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्यास आणि बागेस वापरायला मनाई केली. दंड 5,000 रुपये. आमची कूपनलिका आटली. टँकर येई, आणि घरोघर बादल्या मोजून पाणी वाटले जाई. मनाईच्या यादीत माशांची टाकी मला कोठे आढळली नाही. पण न्यायाधीश घरातच होते. मी आठवड्याचे दहा लिटर पाणी बदलायला निघालो, तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, खालच्या भांडीवाल्या बाईंच्या वस्तीत चार दिवस नळ नाही. त्यांच्यादेखत तुम्ही माशांना आंघोळ घालणार?”

यावर बिनतोड असे काही मला सुचले नाही. आजही सुचत नाही. मासे ठेवले ते मी. पाणी न बदलावे तर त्यांना हळूहळू मारल्यासारखे, आणि बदलावे तर डोळ्याला डोळा भिडवता येईना. मग काही तडजोडी केल्या. खाणे निम्म्यावर आणले, म्हणजे घाण कमी. वर तरंगणारी पाणवनस्पती सोडली. ती नायट्रेट खाऊन वाढते. दहा लिटरांचे पाच केले. काढलेले पाणी तुळशीला व मिरचीच्या रोपांना घातले, आणि त्या बाईंना रोज एक कळशी भरून द्यायचे ठरवले. हा हिशेब बरोबर जुळला असे मी म्हणणार नाही.

रविवार, 2 जून 2024. त्या दिवशी बंगळुरात 111 मिलिमीटर पाऊस कोसळला. जून महिन्यातला एका दिवसाचा एवढा पाऊस शंभरांहून अधिक वर्षांत झाला नव्हता. रस्तोरस्ती झाडे पडली, वीज गेली. टाकीची गाळणी आणि कांडी बंद. मी टाकीला घोंगडी गुंडाळली आणि अंधारात एका पेल्याने पाणी उचलून उंचावरून परत ओतीत बसलो, म्हणजे हवा मिसळते. पत्नी मात्र गच्चीवर होती. पहिल्या सरीने गच्ची धुऊन गेल्यावर तिने पन्हाळीखाली दोन पिंपे लावली होती. मी काही न सांगता!

पावसाचे पाणी सुफेन खरे, पण त्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे नुसते तेच वापरले तर पाण्याची आम्लता एकाएकी वाढते. म्हणून दोन भाग पावसाचे आणि एक भाग कावेरीचे असे मिश्रण, तेही पंधरा दिवसांत थोडेथोडे. रस्त्यावर पडलेली देशी बदामाची दोन वाळकी पाने धुऊन त्यात टाकली; पाण्याला चहासारखा रंग येतो आणि ते किंचित आम्ल होते.

जूनच्या अखेरीस पुन्हा अंडी झाली. या वेळी पांढरी थोडीच पडली. तिसऱ्या दिवशी दगड रिकामा दिसला आणि माझा जीव खाली गेला. पण वाळूत एक खळगा होता, आणि त्यात शेपट्यांची वळवळ. आईने एकेक पिल्लू तोंडात धरून तेथे नेऊन ठेवले होते. पाच दिवसांनी ती पोहू लागली. त्यांच्यासाठी मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची अंडी फोडून रोज बाटलीभर सूक्ष्म जीव तयार करावे लागत. ते काम नातीने केले. संध्याकाळ झाली की बाप भटकलेल्या पोरांना तोंडात घेई आणि खळग्याशी आणून थुंके.

अकरा जगली. महिन्याभरात बापाला पुन्हा संसार मांडण्याची घाई झाली; त्याने मादीला इतके छळले की तिचे पर फाटले. मध्ये काच घालावी लागली. हे मासे दोनतीन वर्षेच जगतात. पुढल्या हिवाळ्यात ती गेली, त्यानंतर तोही.

सात पिल्ले मी शेजाऱ्यांना वाटली. उरलेल्या चौघांत अजून कोणाचे कोणाशी जमलेले नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये कावेरीच्या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. तरी आमच्या गच्चीवरची पिंपे आहेत तेथेच आहेत, आणि पावसाळ्यात ती भरण्याचे काम पत्नीने माझ्याकडे दिलेले नाही.