'जहाज सोडू नका' म्हणणारा झेंडा, आणि जहाज सोडणारा कमांडर

आज एका झेंड्याची गोष्ट. गडद निळं कापड आणि त्यावर शिवलेली पांढरी अक्षरं: 'डोन्ट गिव्ह अप द शिप'. जहाज सोडू नका. फोटो नक्की शोधून बघा. अक्षरं मोठ्ठी, पण जरा वेडीवाकडी, आणि 'डोन्ट'मधला अपोस्ट्रॉफी चक्क गायब! मला तर तेच आवडतं. कुणीतरी बसून हातानं शिवलंय, हे बघताक्षणी कळतं.

साल 1813. अमेरिका आणि ब्रिटनचं युद्ध चालू होतं. 1 जूनला बोस्टनजवळ 'चेसापीक' या अमेरिकन जहाजाची गाठ ब्रिटिश 'शॅनन'शी पडली. कॅप्टन जेम्स लॉरेन्सला गोळी लागली. त्याला खाली नेत असताना तो हेच म्हणाला, असं सांगतात. पण लढाई जेमतेम पाव तास चालली आणि जहाज इंग्रजांनी घेतलंच.

ऑलिव्हर हॅझार्ड पेरी हा लॉरेन्सचा मित्र. ईरी सरोवरावरच्या ताफ्याचा तो प्रमुख होता. (हो, सरोवरावर आरमार! बरीचशी जहाजं तिथंच काठावर, ओल्या लाकडातून बांधलेली.) त्यानं आपल्या मुख्य जहाजाला 'लॉरेन्स' नाव दिलं. झेंड्यावर मित्राचे शब्द घ्यावेत, हे जहाजावरच्या हिशेबनीसानं, सॅम्युअल हॅम्बल्टननं सुचवलं. शिवला ईरी गावातल्या बायकांनी.

10 सप्टेंबरला लढाई झाली. दोन तासांहून जास्त वेळ 'लॉरेन्स'नं मार खाल्ला. लढायला उभ्या असलेल्या दर पाच जणांपैकी चार मेले किंवा जखमी झाले. दुसरं मोठं जहाज 'नायगारा' मात्र मागेच राहिलेलं. का, यावर पेरी आणि तिचा अधिकारी जेसी इलियट यांच्यात पुढे वर्षानुवर्षं वाद चालला.

मग पेरीनं काय केलं? झेंडा उतरवला, एका छोट्या होडीत बसला आणि गोळ्यांच्या माऱ्यातून 'नायगारा'वर गेला. म्हणजे झेंडा म्हणतोय जहाज सोडू नका, आणि हा जहाज सोडून निघालाय! मागे उरलेल्यांनी शेवटी 'लॉरेन्स'वरचं राष्ट्रीय निशाण उतरवलं. शरणागतीच ती. त्यांना दोष द्यावा असं मला अजिबात वाटत नाही. इकडे पेरी 'नायगारा' घेऊन थेट ब्रिटिश रांगेत घुसला, आणि त्यांची सहाच्या सहा जहाजं शरण आली. ती शरणागती पेरीनं घेतली कुठे, तर त्याच मोडक्या 'लॉरेन्स'च्या डेकवर.

झेंडा आज अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत जपलाय. आणि जे सोडू नका म्हणून लॉरेन्स सांगत होता, ते 'चेसापीक'? इंग्रजांनी ते पुढे मोडीत काढलं. त्याच्या लाकडातून 1820 मध्ये हॅम्पशायरच्या विकहॅम गावात पिठाची गिरणी बांधली. ती इमारत अजून उभी आहे.