पासोडीच्या गावी आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष, ठिकठिकाणांहून आलेले संशोधक आणि अंबाजोगाईकर बंधुभगिनींनो,

गोगलगायींच्या चेतास्रावी पेशींची घडण आणि वाढ, असा आजचा विषय. आणि स्वागताध्यक्ष कापड दुकानदार! धाडस प्राचार्यांचे. माझी नि गोगलगायीची ओळख 2022 च्या पावसाळ्यातली. शंखी गोगलगायींनी आमच्या भागातले कोवळे सोयाबीन फस्त केले. आमची उधारी फिटते ती सोयाबीनवर, तेव्हा त्या वर्षीचा हिशेब न काढलेला बरा. गोगलगायीच्या डोक्यातल्या गुच्छिकांमधील काही चेतापेशी संप्रेरके स्रवतात, तिची वाढ आणि अंडी घालणे त्यांच्या हुकमाने चालते, हे मला प्राचार्यांनी परवा सांगितले. पेशीतला हा स्राव खास रंग चढवल्यावरच सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतो म्हणे.

रंग म्हटला की मला दासोपंतांची शाई आठवते. आता मला आवरू नका.

आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथली, हत्तीखान्याची लेणी इथली, स्वामी रामानंद तीर्थ इथल्याच शाळेत शिकवीत. पण 1615 साली समाधिस्थ झालेल्या दत्तभक्त दासोपंतांची आठवण गावालाच करून द्यावी लागते. त्यांनी सुमारे 40 फूट लांब नि 4 फूट रुंद पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले. पंचमहाभूतांपासून देह कसा घडला, त्याचा हा सगळा उलगडा. भरड कापडावर शाई किती फुटते, ते आम्हा कापडवाल्यांना विचारा! दासोपंतांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, असे सांगतात. देहाची घडण उलगडण्याचा तुमचा उद्योग आमच्या गावाला नवा नाही, एवढाच काय तो माझा विषयप्रवेश.

आता उणिवा. गावाला रेल्वे नाही. परळीला उतरून खड्डे सोसत यावे लागले, त्याबद्दल क्षमा. गाद्या कमी पडल्या, काहींना सतरंजीवर भागवावे लागले. प्रात्यक्षिकाच्या गोगलगायी रात्री टोपलीतून निघून मांडवाच्या कनातीवर चढल्या. पोरांनी वेचल्या आहेत, तरी खुर्ची झटकूनच बसावे. मांडववाले, मोंढ्यातले आडते, दूध देणारे गवळी, खोल्या उघडून देणारे घरमालक आणि नाव नको म्हणत पाकीट ठेवून गेलेले ते गृहस्थ, सर्वांचा मी ऋणी आहे. सूक्ष्मदर्शक उसने देणाऱ्या महाविद्यालयांचाही. ते परत पोहोचवण्याची जबाबदारी माझी.

पहिली पंगत साडेबाराला. येसर आमटी तिखट आहे, तूप मागून घ्यावे.