सावध प्रतिपक्ष आणि सेंटर-बॅक

फुटबॉलच्या खेळांत बचाव करणाऱ्याची परीक्षा प्रतिपक्ष तुटून पडतो तेव्हां होते, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो अपुरा वाटतो. प्रतिपक्ष स्वतःच्या गोलापुढें दहा माणसें उभीं करून स्वस्थ बसला, म्हणजे मधल्या बचाव करणाऱ्याची, ज्यास सेंटर-बॅक म्हणतात त्याची, खरी कसोटी लागते.

या जागेचा इतिहास थोडक्यांत सांगतों. १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम बदलला. खेळाडूच्या पुढें प्रतिपक्षाचे तीन गडी असावे लागत, तेथें दोन पुरेसे झाले. फॉरवर्डांना मोकळें रान मिळालें. तेव्हां आर्सेनल संघाचे हर्बर्ट चॅपमन यांनीं सेंटर-हाफला मागें ओढून दोन बॅकांच्या मध्यें उभें केलें. म्हणजे ही जागा जन्मली ती हल्ला अडविण्यासाठीं. हल्लाच होत नसेल तर तेथील माणसानें काय करावें?

होतें असें कीं, प्रतिपक्ष मागें सरला म्हणजे सेंटर-बॅक आपोआप मध्यरेषेपर्यंत पुढें येतो. चेंडू वारंवार त्याच्याच पायांशीं येतो, कारण त्याला कोणी हटकीत नाहीं. पाठीमागें मात्र अर्धें मैदान ओस पडलेलें असतें. बराच वेळ कांहीं घडलें नाहीं कीं मन सैलावतें. रात्रीच्या पहारेकऱ्याला डुलकी लागते ती आळींत चोरांचा बोभाटा असतांना नव्हे! चेंडू घेतांना अंग अर्धवट वळलेलें असावें, तें वळत नाहीं. एकानें चेंडू घेतला कीं दुसऱ्यानें आठ-दहा पावलें मागें सरावें, तो सरत नाहीं.

२७ एप्रिल २०१४ चा लिव्हरपूल-चेल्सी सामना पाहा. लिव्हरपूलनें लीगचे लागोपाठ अकरा सामने जिंकले होते. १९९० नंतर प्रथमच विजेतेपद हाताशीं आलें होतें, आणि हा सामना बरोबरींत सुटता तरी उरलेले दोन जिंकून तें मिळण्यासारखें होतें. मोरिन्यो यांच्या चेल्सीनें आरंभापासून वेळ काढला, पुढें येण्याचें नांव नाहीं. पूर्वार्ध संपतां संपतां साखोनें जेरार्डला आडवा चेंडू दिला. जेरार्ड मूळचा मधल्या फळीचा, पण त्या क्षणीं सेंटर-बॅकच्याच जागीं उभा. चेंडू पायाखालून निसटला, तो वळला आणि घसरून पडला. डेम्बा बा एकटाच धांवत गेला व गोल झाला.

लोकांनीं त्या घसरण्याचेंच भांडवल केलें. मला हें अन्यायाचें वाटतें. पाय घसरणें हा दैवाचा भाग. पण घसरल्यावर मागें गोलकीपरखेरीज कोणी नसणें, हा रचनेचा दोष होता. शिवाय खरी चूक पुढेंच झाली. एका गोलाची भरपाई करण्यास पंचेचाळीस मिनिटें होतीं. तरीहि जेरार्ड दुरूनच फटके मारीत राहिला, आणि अखेरीस सगळा संघ पुढें लोटला. शेवटच्या क्षणीं चेंडू सुटला तेव्हां टोरेस आणि विलियन या दोघांसमोर एकटा गोलकीपर उरला होता. टोरेसनें चेंडू बाजूस सारला, विलियननें तो जाळ्यांत घातला.

मोसमाअखेर मँचेस्टर सिटीचे ८६ गुण झाले, लिव्हरपूलचे ८४. लिव्हरपूलला तें विजेतेपद २०२० सालीं मिळालें. तोंवर जेरार्ड संघ सोडून गेला होता.