धोटा गेला, दार कुठे उघडले?

(कोलकाता येथील मराठी भाषक विद्यार्थी व कर्मचाऱ्यांसमोर केलेले भाषण)



१९४६ मध्ये बाबासाहेब संविधान सभेत गेले ते बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडल त्यांच्यामागे उभे राहिले म्हणून. त्या बंगालमध्ये आज नोकरीबद्दल बोलायचे आहे.

कामाची जागा बदलतेय, तेव्हा मनुष्यबळाचे धोरणही बदला, असे व्यवस्थापनातले लोक सांगतात. नवी कौशल्ये, घरून काम, एआय, सगळे त्यात असते. जात नसते.

मुंबईच्या गिरण्या आठवा. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्यांना बंदी. कारण? धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच मान्य केली.

आज तो धोटा नाही. पण सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. म्हणजे यंत्र बदलले की जात आपोआप जात नाही. जुन्या निवडींवर शिकवलेले संगणकही तीच निवड पुढे चालवू शकतात.

दुसरी गोष्ट कंत्राटाची. आरक्षण पदावर असते. सफाई, सुरक्षा, डेटा एन्ट्री ही कामे ठेकेदाराकडे गेली की काम उरते, पद जाते, आणि पदाबरोबर आरक्षणही.

म्हणून धोरण ठरवणाऱ्यांकडे आपल्या तीन मागण्या असाव्यात. भरती ओळखीपाळखीने नको, जाहिरात देऊन आणि निकष आधी सांगून करा. कोणत्या पगारावर कोणत्या समाजाचे किती लोक आहेत, ते मोजा आणि जाहीर करा. नव्या यंत्राचे प्रशिक्षण कामाच्या वेळेत, पगारी द्या, आणि ते कंत्राटी कामगारालाही द्या. ज्याच्या घरी शिकवणीला पैसा नाही, तो स्वखर्चाने कसा शिकणार?

आपण घरातले पहिले पदवीधर. मुलाखतीत नाकारले की आपण स्वतःलाच कमी समजतो. आधी विचारा, निकष काय होता? एकट्याने विचारणे अवघड असते, म्हणून संघटनेतून विचारा.

जय भीम.