परगांवचा माणूस

दूरचित्रवाणीच्या मालिकांत एक कथानक पुन्हां पुन्हां भेटतें. शहरांत शिकलेला एक मनुष्य नोकरीच्या निमित्तानें आडगांवीं येऊन पडतो. गांव त्याला विलक्षण वाटतें आणि गांवाला तो विलक्षण वाटतो; या दुहेरी नवलांतूनच गोष्ट वाढत जाते.

या कथानकाला देशाची सीमा नाहीं. अमेरिकेंतील 'नॉर्दर्न एक्स्पोजर' (१९९०–१९९५) या मालिकेंत न्यूयॉर्कच्या तरुण डॉक्टरला अलास्काच्या एका लहानशा गांवीं राहावें लागतें. कारण त्याच्या शिक्षणाचा खर्च त्या राज्यानें केलेला असतो. इंग्लंडमधील 'डॉक मार्टिन' (२००४–२०२२) या मालिकेंत लंडनचा निष्णात शल्यवैद्य रक्त पाहतांच घाबरा होऊं लागतो, म्हणून कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील गांवीं दवाखाना चालवितो. आपल्याकडील 'पंचायत' ही हिंदी मालिका २०२० सालीं आली. तींतील अभिषेक त्रिपाठी हा पदवीधर अभियंता चांगली नोकरी न मिळाल्यामुळें बलिया जिल्ह्यांतील फुलेरा नांवाच्या गांवीं पंचायतीचा सचिव होतो.

या तिघांत पहिलें साम्य हें कीं, स्वखुशीनें कोणीच आलेला नाहीं. एकाला ऋणानें आणलें, दुसऱ्याला व्याधीनें, तिसऱ्याला बेकारीनें. दुसरें साम्य असें कीं, पदवीचें वजन वेशीवरच उतरतें. त्रिपाठीला कचेरीपाशीं सौरदिवा हवा असतो. परंतु गांवाला तो भुताच्या झाडाजवळ लावावयाचा असतो, आणि त्या भुताचा छडा लावल्यावांचून त्याचा अंधार सरत नाहीं. तिसरें साम्य अधिक मार्मिक आहे. आगंतुकाच्या डोळ्यांपुढें गांवाचें झांकलेलें उघडें पडतें. फुलेऱ्याच्या निवडून आलेल्या प्रधान मंजूदेवी. कारभार मात्र त्यांचे पती पाहतात. पहिल्या पर्वाच्या अखेरीस ध्वजवंदनाला मंजूदेवी स्वतः उभ्या राहतात, तेव्हां हंसणारा प्रेक्षकहि गंभीर होतो. महाराष्ट्रांतील पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. हा प्रश्न केवळ फुलेऱ्याचा नव्हे.

मराठी वाचकाला हा आगंतुक नवा नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आहेच. अमोल पालेकर यांनीं १९९५ सालीं तिच्यावर चित्रपटहि काढला. फरक एवढाच कीं, ती वाडी कोणाच्या करमणुकीसाठीं वसलेली नाहीं. दुष्काळ पडतो, मेंढरें घेऊन माणसें निघून जातात, आणि मास्तराची शाळा ओस पडते. याच्या उलट 'देवमाणूस' (२०२०) या मराठी मालिकेंत आगंतुकच लबाड. बनावट डॉक्टरवर टाकलेला विश्वास गांवाचा घात करतो. विनोद असो वा भय, मर्म एकच: परक्यावर विश्वास केव्हां टाकावा?

वाशिम जिल्ह्यांत हा प्रश्न गोष्टींतला नाहीं. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ सालीं केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादींत आला. नव्यानें येणाऱ्याला वाशिम आडवळणी वाटत असेल. परंतु वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलें वत्सगुल्म तें हेंच. मानोऱ्याच्या वा मालेगांवच्या खेड्यांत डॉक्टर येतो तो पुष्कळदां एक वर्षाच्या बंधपत्रापुरता. अधिकाऱ्याची एका जागेवरील सामान्य मुदत २००५ च्या कायद्यानें तीन वर्षांची ठरविली आहे. कोणाच्या शेताचा बांध कोठें, कोणत्या म्हातारीला दवाखान्याची धास्ती, हें उमगूं लागतें तोंच बदलीचा हुकूम हातीं पडतो.

मालिकेंतला आगंतुक मात्र राहतो, कारण तो गेला तर गोष्टच संपते. खरें गांव त्यानंतरहि नांदत असतें. नवा साहेब येतो. त्याला बांध पुन्हां दाखवावा लागतो, म्हातारीची पुन्हां समजूत घालावी लागते. शहरांत बसून फुलेऱ्याला हंसणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ज्याला तऱ्हेवाईकपणा म्हणतात तो बहुधा अनेक साहेबांचें स्वागत आणि निरोप केलेल्या गांवाचा सावधपणा असतो. आणि ज्याची बदली अशा गांवीं झाली असेल, त्यानें सांगण्यापूर्वीं ऐकावें. निघतांना आपल्या जागीं येणाऱ्यासाठीं गांवची ओळख लिहून ठेवावी.